राजपुत्रांची वजाबाकी

डेन्मार्कच्या राणी मार्गरेट यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, की धाकटा मुलगा योआकिम याची चारही मुले १ जानेवारी २०२३ पासून प्रिन्स किंवा प्रिन्सेस राहणार नाहीत. ती मोंपेझाचे काउंट आणि काउंटेस असतील. कारण दिले ते असे, की मुलांना राजघराण्याच्या जोखडाविना जगता यावे. योआकिमने नाराजी लपवली नाही. मन दुखावल्याबद्दल राणींनी दिलगिरी व्यक्त केली. निर्णय मात्र बदलला नाही.

मोंपेझा हे नाव राणींच्या पतीच्या फ्रेंच घराण्याचे. या प्रिन्स हेन्रिकना आयुष्यभर एकच सल होता : राजाची बायको राणी होते, मग राणीचा नवरा राजा का नाही? २०१७ मध्ये तर त्यांनी सांगून टाकले, की रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये पत्नीशेजारी आपले दफन नको. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांना हवी ती पदवी मिळाली नाहीच, आणि नातवंडांची पदवी गेल्यावर त्यांच्या हाती उरले ते याच आजोबांच्या घराण्याचे नाव.

राजेशाहीची सगळी मिरास जन्मावर. मग जन्माने आलेले एका पत्रकाने जाते कसे? मला वाटते, ते जन्माने येतच नसावे. ब्रिटनमध्ये कोण प्रिन्स आणि कोण नाही, हे १९१७ साली पंचम जॉर्जने एका फर्मानाने ठरवले. जर्मनीशी युद्ध पेटलेले होते आणि त्याच वर्षी त्याने घराण्याचे जर्मन नावही टाकून विंडसर हे नाव घेतले. त्या नियमाने राजाच्या मुलग्यांची मुले प्रिन्स झाली, मुलींची नाही. म्हणून एलिझाबेथ राणींच्या नातवंडांपैकी अँड्र्यूच्या मुली प्रिन्सेस, तर अ‍ॅनची मुले बिनपदवीची. (हा हिशेब आपल्याला फार परका वाटू नये.) एलिझाबेथ राणींचा नातू हॅरी याची मुले जन्मली तेव्हा प्रिन्स-प्रिन्सेस नव्हती; २०२२ मध्ये आजोबा गादीवर आले आणि त्यांना तो हक्क मिळाला. उलट अँड्र्यू जन्मला तेव्हा आई गादीवर होती, तरी २०२५ मध्ये त्याचे 'प्रिन्स' काढून घेतले गेले. रक्त दोन्हीकडे होते तेच राहिले.

स्वीडनच्या राजाने २०१९ मध्ये पाच नातवंडांचे 'रॉयल हायनेस' काढले, तेव्हा कारण सरळ सांगितले : राष्ट्रप्रमुखाच्या घरची सरकारी कामे ही मुले करणार नाहीत. म्हणजे हा हजेरीपटच म्हणायचा. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या घराण्याने तो आखूड ठेवावा, यात मला शहाणपण दिसते.

राजाच उरला नाही, तर हा पट कोण राखणार? ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये सरदारी पदव्या मुळापासून रद्द केल्या. जर्मनीने त्याच वर्षी त्या आडनावात ढकलल्या. तिथे 'प्रिन्स' आजही कायदेशीर आडनावाचा भाग असू शकतो. ग्रीसने १९९४ मध्ये पदच्युत राजाला बजावले, की नागरिकत्व हवे तर आधी आडनाव घ्या. त्याने घेतले नाही. तो वारल्यावर, २०२४ च्या अखेरीस, कुटुंबाने आडनाव निवडले 'द ग्रेस', फ्रेंचमध्ये 'ग्रीसचे'. तिथल्या डाव्या पक्षांनी लगेच आक्षेप घेतला, आणि तो उगाच नव्हता.