उरलेला वेळ

आधी पोटापाण्याचे बघावे, छंद काय, उरलेल्या वेळात जोपासता येतो, हा उपदेश न केलेला वडीलधारा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. शाळामास्तराच्या तर तो जिभेवरच असतो. उपदेश खोटा नाही. पण तो उरलेला वेळ उरवायचा कोणी, हे सांगायचे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

आमचे गास हे वसईच्या वाडीपट्ट्यातले गाव. केळी, भाजीपाला, फुले यांवर इथल्या पिढ्या वाढल्या. पहाटेच्या लोकलने टोपल्या दादरला न्यायच्या आणि दुपारी परत येऊन पुन्हा वाडीत उतरायचे. आता वाड्यांच्या कडेला इमारती उभ्या राहिल्या, कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. आईबाप अजून मातीत हात घालतात. पण आपले मूल तिथे राहावे असे त्यांना वाटत नाही. त्यांनी कष्ट पाहिले आहेत, म्हणून ते पगाराची भाषा बोलतात. त्यांना अरसिक म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बारावीला आहे. चित्रे काढते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जावे असे तिच्या मनात आहे. वडिलांच्या मनात नर्सिंग. मध्यंतरी ती मला म्हणाली, “सर, चित्रांशिवाय मला जगताच येणार नाही, असं काही नाही. येईल. त्याचीच भीती वाटते.”

मी कादंबऱ्या लिहितो, पण असे वाक्य माझ्या एकाही नायिकेला सुचलेले नाही! कलेवाचून तडफडणारी माणसे आपण पुस्तकांतून पाहतो. खरी गोष्ट याहून साधी असते. माणूस कला सोडतो, नोकरीला लागतो, जेवतो, हसतो, मुलांची बारशी करतो. काही तुटल्याचा आवाज होत नाही.

तिच्या वडिलांनी मला बहिणाबाईंचा दाखला दिला. “सर, त्या माउलीनं शेतात राबून, जात्यावर बसून गाणी केली. कुठल्या कॉलेजात गेली होती?” दाखला बिनतोड वाटतो खरा. पण बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली 1952 साली. घरातल्या माणसांनी ती वेळीच टिपून ठेवली नसती, सोपानदेवांनी ती अत्र्यांपर्यंत नेली नसती, तर आज दाखल्याला नावही उरले नसते. अशा किती जणी न टिपताच गेल्या, त्यांचा दाखला कोण देणार? शिवाय हात जात्यावर असताना ओवी सुचू शकते. चित्राला तोच हात मोकळा लागतो, उजेड लागतो, आणि ओला कागद कोणी उचलणार नाही अशी जागा लागते.

मग लोक मास्तरांकडे वळतात, आणि आमच्या पेशात दाखल्यांना तोटा नाही. केशवसुत मॅट्रिक झालेले शिक्षक. 1905 साली एकोणचाळिसाव्या वर्षी प्लेगने गेले, तोवर त्यांच्या कवितेचा एकही संग्रह निघाला नव्हता. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत होते आणि तिथे शिकवता शिकवताच कादंबरीकार झाले. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे मास्तर झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 साली आले. नोकरीने यांची कला मारली नाही, हे खरेच. सुर्व्यांना तर कवितेची माणसे त्या राबण्यातच भेटली. पण एका कवीच्या संसाराचा भार घरात कोणी वाहिला, हे कळायला कृष्णाबाई सुर्वे यांचे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन वाचावे. नावातच सारे आले.

म्हणून मी त्या वडिलांना नर्सिंग नको असे म्हटले नाही. ती नोकरी मोलाची आहे, आणि फी मी भरणार नाही. एवढेच विचारले, की रात्रपाळी करून मुलगी सकाळी घरी आली, तर ती चित्र काढील की भाकऱ्या थापील? तिच्या धाकट्या भावाला गिटार वाजवायला दार लावून बसता येते; तिला येईल का?

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, घर म्हटलं की काम आलंच.”

हे त्यांचे प्रामाणिक उत्तर होते, आणि माझ्या मते साऱ्या भांडणाचे मूळ त्यातच आहे. कला की नोकरी, हा निर्णय मुलीने करायचा. त्यात ती चुकेलही, तो तिचा हक्क आहे. तिच्या हातात किती गुण आहे, हे आज मला सांगता येत नाही, आणि सतराव्या वर्षी ते कोणालाच सांगता येत नसावे. पण ‘उरलेल्या वेळात कर’ असे जो म्हणतो, त्याने शब्द दिलेला असतो. पगार आणला की त्यावर घराचा हक्क, रविवार आला की पाहुण्यांचा हक्क, लग्न झाले की सासरचा हक्क, असे सारे वाटून झाल्यावर मुलीच्या वाट्याला जे राहते त्याला वेळ म्हणत नाहीत. तेवढे देणे जमणार नसेल, तर तसे आजच तिला सांगावे. मग ती आपली निवड डोळे उघडे ठेवून तरी करील.

मी पडवीचा उत्तरेकडचा कोपरा मागितला, आणि आठवड्यातले तीन तास. तिथे सध्या केळीच्या टोपल्या असतात. पुढच्या उन्हाळ्यात दोन्हीकडे अर्ज करायचा, इतके त्यांनी कबूल केले आहे. पडवीचे विचारून सांगतो म्हणाले. कोणाला विचारणार, ते मात्र बोलले नाहीत.