छापील साग

खोटेपणाला निदान दोन माणसे लागतात; एक फसवणारा आणि एक फसणारा. फसणाराच नसेल तर फसवणारा कोठून आणायचा? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत कोठे असेल तेथे असो, आमच्या कुरखेड्यात तो अलीकडे स्वयंपाकघरातल्या कपाटावर येऊन बसला आहे. कपाटाचे दार सागाचे दिसते. ते सागाचे नाही हे घरधनी जाणतो, पाहुणा जाणतो, सुतार तर जाणतोच. कोणीही फसलेले नाही. तरी त्या दारापुढे उभे राहिले की काहीतरी खटकते, आणि काय खटकते याचा छडा लावावासा वाटतो.

हे दार घडते कसे ते आधी पाहू. लाकूड वाफेवर मऊ करून त्याचे तंतू पिंजतात, ते राळेत कालवतात आणि उष्णता व दाब देऊन त्यांची फळी करतात. बाजारात तिला एमडीएफ म्हणतात. यंत्राने तिच्यावर नक्षीच्या खाचा कोरायच्या, दर्शनी बाजूवर आणि कडांवर गोंद फवारायचा, ती मेजावर ठेवायची आणि वर प्लास्टिकचा एक पापुद्रा पसरायचा. पापुद्र्याची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून कमीच. त्याला ऊब देऊन मऊ केले की पंप सुरू करून त्याच्याखालची हवा ओढून घेतात. पुढचे काम वरची हवा करते. खाली पोकळी झाली की ती आपला सगळा भार पापुद्र्यावर टाकते; पोकळी पुरी साधली तर हा भार चौरस मीटरला 10 टनांच्या घरात जातो. पापुद्रा प्रत्येक खाचेत उतरतो, प्रत्येक कडेला बिलगतो, उबेने गोंद धरतो. थंड होईपर्यंत दाब तसाच ठेवायचा, मग उरलेला काठ पातीने कापून टाकायचा. दाबणारे तेथे दुसरे कोणी नसते, आपण जिच्यात रोज वावरतो तीच हवा असते, याचे मला मोठे नवल वाटते. एरवी ती चहूकडून सारखी असते म्हणून तिचे ओझे कळत नाही. (चारचौघांचे ओझेही असेच असावे, पण उपमा फार ताणू नये.)

पापुद्र्यावर साग छापलेला असतो. शिरा, छटा, गाठीसुद्धा. खऱ्या लाकडात गाठ असते ती फांदी फुटली होती त्या जागी. छापील सागातली गाठ ठरावीक अंतराने पुन्हा तीच येते, कारण छापणारा रूळ फिरून त्याच जागी येतो. कधी न फुटलेल्या फांदीची ती खूण!

पण चित्र म्हणजे खोटेपणा नव्हे. आमच्यापासून जवळच वडसा आहे, झाडीपट्टीच्या रंगभूमीचे माहेरघर. दिवाळीनंतर गावोगाव रात्र-रात्र नाटके होतात. पडद्यावर राजवाडा रंगवलेला असतो आणि तो कापडावरचा आहे हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. त्या राजवाड्याला खोटा म्हणणारा अजून मला भेटायचा आहे. आवरण म्हणजेही खोटेपणा नव्हे. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक ठेवता येत नाही. मातीच्या भिंतीला सारवण नसेल तर ती पावसाळ्यात टिकत नाही. आवरण नको म्हणणाऱ्याने आधी अंगावरचा सदरा उतरवावा.

मग फरक कोठे पडतो? मला वाटते, तो काळाच्या हिशेबात पडतो. पडदा पहाटे गुंडाळला जातो. कल्हई उडते आणि कल्हईवाल्याला पुन्हा हाक मारावी लागते. सारवण चार-आठ दिवसांनी मागणी करते. ही आवरणे वरचेवर ‘मी आवरण आहे’ अशी कबुली देतात, आणि आत काय आहे याचे स्मरण ठेवायला लावतात. पापुद्रा अशी कबुली देऊ इच्छित नाही. तो एकदाच, कायमचा म्हणून बसवलेला असतो. शेगडीच्या धगीने त्याची कड सुटली किंवा फळीत पाणी शिरून ती फुगली, तर रंधा मारून ते दार सुधारता येत नाही. टाकून द्यावे लागते.

येथपर्यंत आल्यावर सारवणाचा मोठेपणा गाऊन मोकळे होणे सोपे आहे. पण सारवणारे हात कोणाचे, हे पुसल्याशिवाय त्या मोठेपणाला अर्थ नाही. शेणात हात घालून पहाटे ओणवे व्हायचे ते बाईने, आणि निबंध लिहायचा आम्ही! ओल्या फडक्याने एकदा पुसले की झाले, हे सुख त्या दाराने तिला दिले आहे. ते मी मनापासून तिच्या पदरात घालतो.

बाकी साग. पापुद्रे साध्या रंगांतही मिळतात. पांढरा, राखाडी, डाळिंबी. ते बिचारे कशाचेच सोंग घेत नाहीत. तरी आमच्याकडे माणसे छापील सागावरच बोट ठेवतात. शहरातल्या माणसाने ठेवले तर समजते. पण हा सागाचा मुलूख! आलापल्लीच्या सागाचे नाव दूरवर गेलेले. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले, तेव्हा जिल्हाभर अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. मात्र आपल्या शेतात उभा असलेला साग तोडायचा तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, आणि डेपोतल्या लिलावात बोली लावणे हे काही धानाच्या एका हंगामावर जगणाऱ्याचे काम नव्हे. लाकूड येथून जाते, आणि त्याचे चित्र तेवढे परत येते.

एका घरी मी हे थोडे थट्टेनेच बोललो. घरची सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, “खरा साग आमच्या हाती कुठं लागते, गुरुजी? हा तरी आपला आहे.” तिच्या बोलण्यात लाचारी नव्हती आणि तक्रारही नव्हती. ज्या झाडाखालून ती शाळेत गेली, ज्याच्या पानांच्या आडोशाला पावसात उभी राहिली, ते झाड घरात असावे एवढीच तिची इच्छा. या इच्छेला खोटी म्हणण्याचे धाडस मला होत नाही. खोटे काही असेल तर ते ज्या व्यवहारात तिला चित्रावर समाधान मानावे लागते त्या व्यवहारात आहे, आणि त्याचा दोष दाराच्या कपाळी मारणे म्हणजे आरशावर रागावणे होय.

एक माणूस मात्र या सगळ्यात हरवत चालला आहे. आमच्या गावचा म्हातारा सुतार फळीवर नुसते नख ओढून सांगे, हा साग, हा बिजा, हा ऐन. आणि झाड उतारावर वाढले की सपाटीवर, हेही बहुधा सांगे. आता दारे तयार येतात. त्याचा मुलगा बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचे भोक पाडतो, चार स्क्रू पिळतो, दार लटकवतो. हात त्याचाही बापासारखाच आहे. पण नख ओढायचे कोठे?

तरी त्याची एक रीत मी पाहून ठेवली आहे. दार बसवण्याआधी तो ते उलटे करून घरच्या माणसांना मागची बाजू दाखवतो. मागे पापुद्रा नसतो. पांढरी, गुळगुळीत, निर्विकार पाठ असते. बिजागरीच्या भोकात आतला पिंगट, पुठ्ठ्यासारखा गाभा दिसतो. तेथे तो बोट टेकवायला लावतो. “हे असं आहे,” म्हणतो, “पाण्यापासून जपा.” मग दार फिरवतो आणि सागाची बाजू बाहेर करून बसवतो.