आजारी मुलाचे भावंड आणि कर्माचा प्रश्न

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की अनेक घरांत कुणी ना कुणी पूर्वजन्मीच्या पापाचा विषय काढतेच. पाप कुणाचे, यावर मात्र एकमत नसते. कुणी आईचे म्हणते, कुणी आजोबांनी बळकावलेल्या जमिनीचे, तर कुणी खुद्द त्या लेकराचेच. कर्मविपाकाच्या ग्रंथांत कोणत्या पापाला कोणता रोग याच्या याद्या आहेत, त्यामुळे हे सगळे शास्त्रोक्त वाटते.

पण आपली परंपरा या बाबतीत एकमुखी नाही. संयुत्त निकायातील मोळियसीवक सुत्तात बुद्धाला हाच प्रश्न विचारला आहे: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेगवेगळी कारणे मोजून दाखवतो. कर्म हे त्यांतले केवळ एक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतकर्माचा सिद्धान्त फेटाळला, तो गोरगरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी झटकण्याची सोय समाजाला करून देतो म्हणून. चार अपत्ये गमावलेल्या बापाचे हे मत आहे, हे विसरू नये.

कर्मवादाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. काही आईबापांना ‘प्रारब्ध’ म्हटल्याने खरोखर धीर येतो; निरर्थक दुःखापेक्षा अर्थ असलेले दुःख सोसवते. त्यांच्याशी रुग्णालयाच्या ओसरीवर वाद घालणे क्रूरपणाचे. तरीही एक श्रोता सगळेच विसरतात. तो म्हणजे आजारी मुलाचे भावंड.

झ्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिले की लहान मुलांना शिक्षा ही चुकीच्या पाठोपाठ आपोआप येते असे वाटते. चोरी करून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालची फळी मोडली, तर ती चोरीमुळेच मोडली, असे ती सांगतात. अशाच एखाद्या बहिणीने भांडणात भावाला ‘मर’ म्हटलेले असते. पुढच्याच आठवड्यात त्याला ताप, मग रक्ताच्या तपासण्या, मग मुंबई. अशा वेळी मोठ्यांच्या तोंडून ‘पाप’ हा शब्द कानी पडला की सहा-सात वर्षांची बहीण तो स्वतःला लावून घेते. ती कुणाला सांगत नाही, कारण कबुलीलाही शिक्षा असते असे तिला वाटते.

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात. ‘काउंट कमी आलेत’ असे आईबाप म्हणतात, तेव्हा साधी सर्दीसुद्धा आजारी मुलाच्या जिवावर बेतू शकते. शिंकणाऱ्या बहिणीला मग दटावले जाते, त्याच्याजवळ जाऊ नकोस. सूचना अगदी योग्य असते. पण कारण न सांगता दिली तर बहिणीने मनात काढलेल्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब होते. तुझ्यामुळे तो आजारी पडला नाही, औषधांमुळे सध्या त्याची ताकद कमी झाली आहे, तुझी सर्दी गेली की जा, एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारावर उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. आई परळला टाटा रुग्णालयात, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, बाप कामावर, आणि धाकटे आजोळी, अशी घराची फाटाफूट होते. आजोळच्या मुलाचे कौतुक होते: समजूतदार आहे हो, काही मागत नाही. या कौतुकाने त्याचे तोंड कायमचे बंद होते. आईबापांच्या लक्षाची गरजेनुसार वाटणी न्याय्यच आहे. अन्याय होतो तो निरोगी मुलाची गरज शून्य धरल्यामुळे. रोज ठरल्या वेळी आईचा फोन यावा आणि त्यात काउंटऐवजी शाळेच्या गोष्टी असाव्यात, वर्गशिक्षकांना कल्पना दिलेली असावी, एक मामा किंवा मावशी केवळ त्याच्या वाटणीची असावी. ऑक्सफर्डला १९८२ मध्ये एका ख्रिस्ती संन्यासिनीने उभारलेल्या हेलन हाऊस या बालशुश्रूषागृहात आजारी मुलाबरोबर भावंडांनाही राहायला जागा होती, ती याच विचाराने.

अस्थिमज्जा बदलायची वेळ आली की प्रश्न आणखी कठीण होतो. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मुलाला भूल देऊन सुया टोचायच्या, तर ते मूल साधन झाले का? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१० मध्ये यासाठी अटी घातल्या. तेवढाच योग्य प्रौढ नातेवाईक दाता उपलब्ध नसावा, दोघांत जिव्हाळ्याचे नाते असावे, गुण येण्याची वाजवी आशा असावी, धोके कमीत कमी ठेवलेले असावेत, आणि आईबापांच्या परवानगीबरोबर मुलाचाही होकार असावा. यातला होकार सर्वांत नाजूक. ‘तूच त्याला वाचवणार’ असे सांगून मिळवलेला होकार पुढे उलटतो: मज्जा रुजली नाही किंवा आजार उलटला, तर ते मूल स्वतःला खुनी समजू लागते. म्हणून अपयश आले तरी ते तुझे नसेल, हे सुई टोचण्याआधीच सांगायला हवे.

मूल गेलेच, तर शास्त्रही हात आखडते. मनुस्मृतीत दोन वर्षांखालील मुलाला अग्नी नाही, उदकही नाही. थोड्या मोठ्या मुलाचे अंत्यसंस्कार होतात, पण भावंडांना शेजारी पाठवून. त्याऐवजी काय दिसेल हे आधी समजावून त्यांना विचारावे. यायचे म्हणाली तर येऊ द्यावे, नको म्हणाली तर आग्रह करू नये, आणि आईबापांना सावरायची जबाबदारी नसलेला एक मोठा माणूस पूर्ण वेळ त्यांच्यासोबत ठेवावा.