खूण आणि कारण

गॉटिंगेन मिनिपिग हे प्रयोगशाळांतले पांढरे, आटोपशीर डुक्कर. पूर्ण वाढ झाल्यावरही ते साधारण ३५ ते ४५ किलोच भरते. मांसासाठी पाळलेले डुक्कर सहा महिन्यांतच शंभरीच्या आसपास पोचते. औषधाची मात्रा वजनानुसार ठरते आणि नवे औषध सुरुवातीला थोडेच तयार होते, म्हणून चाचण्यांत या लहान आकाराला मोल आहे.

हा आकार ठरवणारे जनुक कोणते, असे पशुआनुवंशशास्त्र शिकवताना मला विद्यार्थी हमखास विचारतात. त्यांना एकच नाव हवे असते. नावे आहेतही. ‘आयजीएफ२’ या जनुकातला एका अक्षराचा बदल स्नायू वाढवतो, तोही बापाकडून आला तरच. हे २००३ मध्ये दाखवले गेले. ‘एचएमजीए२’ निकामी केले की डुक्कर खुजे राहते, पण असे नर प्रजननक्षम नसतात. एकच मोठा घाव घातला की शरीर त्याची किंमत दुसरीकडे वसूल करते.

गॉटिंगेन असे घडले नाही. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात मिनेसोटा मिनिपिग आणि व्हिएतनामी डुक्कर यांचा संकर करून, दर पिढीत लहान जनावरे निवडत ही जात तयार झाली. अशा निवडीत अनेक जनुकांतले बारीक फरक हळूहळू एकत्र येतात. त्यांचा माग काढायला आपण डीएनएवरच्या खुणा वापरतो. खूण बहुधा स्वतः काही करत नाही. खऱ्या कारणाच्या शेजारी असल्याने ती त्याच्यासोबत वारशाने येते, इतकेच.

घोटाळा इथेच होतो. काळ्या बुटक्या जातीची पांढऱ्या थोराड जातीशी तुलना केली, तर कातडीचा रंग ठरवणारे ‘केआयटी’ जनुकही आकाराची खूण म्हणून पुढे येईल. गॉटिंगेनचा इतिहासच याला उत्तर देतो. त्वचा पांढरी हवी म्हणून त्यात थोराड जर्मन लँडरेसचे रक्त आणले गेले, तरी पुढच्या निवडीने आकार लहानच राखला. रंग आणि आकार वेगळे करता आले, कारण ते मुळात वेगळेच होते.

म्हणून नव्या खुणेवर विश्वास ठेवण्याआधी मी एकाच मादीच्या वेतातली पिल्ले तपासायला सांगतो. खूण असलेले पिल्लू खूण नसलेल्या सख्ख्या भावंडापेक्षा लहान राहते का? अनेक वेतांत तसे दिसले, तरच ती खूण कामाची.

हा आग्रह केवळ शास्त्रीय शिस्तीचा नाही. बंदिस्त कळपात चुकीच्या खुणेवर निवड केली, तर निरोगी जनावरे उगाच बाद होतात, उरलेल्यांत जवळच्या नात्यातली पैदास वाढते आणि तिचे दुष्परिणाम पुढच्या पिढ्या भोगतात. लहान आकार ही आपली गरज आहे, त्या डुकराची नव्हे. ज्याच्या शरीराचे माप आपण ठरवतो, त्याच्यासाठी पुरावाही आपण अधिक काटेकोरपणे तपासला पाहिजे.