मूठभर भेंडी, हातभर पडवळ

गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे लागतात. अळूची चार पानं, सुरणाची फोड, कणसाचा तुकडा, लाल माठाच्या दोन काड्या, पाचसहा भेंड्या, पडवळाचं कांडं, भोपळ्याची फाक. सगळं एकत्र, एका किमतीत. ज्या घरात सणाची घाई आहे तिथं ही मोठीच सोय, आणि कितीतरी वर्षं मीही असाच वाटा आणत आले. पण भाजी चिरायला बसले की दरवेळी वाटायचं, इथं काहीतरी उलटं झालंय.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा दंडक. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. मग उरतं काय? घरामागचं परस. कुदळीनं खणलेलं, हातानं टोकलेलं. कोकणात मृगाच्या पावसावर लावलेल्या बियांना भाद्रपद शुद्ध पंचमीपर्यंत अडीच-तीन महिने होतात. मांडवावर पडवळं लोंबू लागतात, ती सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधलेले असतात. शिराळी, काकडी, भेंडी नुकती लागती झालेली असते. शेतातलं भात मात्र अजून उभं असतं, कापणीला अवकाश असतो. घरातलं जुनं धान्य सरत आलेलं आणि नवं आलेलं नाही, अशा नेमक्या दिवसांत हा सण येतो.

परसात पाटी भरून एकच भाजी मिळत नाही. आज मूठभर भेंडी, हातभर पडवळ, एक शिराळं. यातल्या कुठल्याही एकानं आठ माणसांची ताटं भरायची नाहीत. सगळं एका पातेल्यात गेलं, तरच पुरेल. म्हणून मला वाटतं, ऋषीची भाजी व्रतानं सांगितली असेल नसेल, सुचली ती परसाला. शिजायला वेळ लागणारं सुरण आणि कणसाचे तुकडे आधी, पालेभाजी मागून, अळूची खाज मारायला चिंच, वर ओलं खोबरं, मिरची, मीठ. तेलाची फोडणी नाही, मसाला नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीतही हेच दिसतं: घेवडा, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, त्या थंडीत जे जे आलं ते. गोव्याचं तिरफळं घातलेलं खतखतं त्याच कुळातलं. प्रत्येकात थोडंथोडं खूप काही. मंडईतला वाटा हे सगळं उलटं करतो. आधी यादी ठरते, मग ती पुरी करायला भाज्या गोळा होतात.

या व्रताला चिकटलेली विटाळाची कल्पना मला अजिबात मान्य नाही. पाळीच्या दिवसांत बायकांच्या हातून घडलेल्या दोषांचं क्षालन, असा त्याचा हेतू सांगतात. ज्या हातांनी परस खणलं, बी टोकलं, वेल मांडवावर चढवला, त्याच हातांना दोषी ठरवायचं! व्रत सोडून द्यावं आणि भाजी ठेवावी, असं मी घरात उघड म्हणते.

कारण त्या भाजीमागे बायकांची फार मोठी विद्या आहे. माझ्या आजीच्या परसात मोरीचं पाणी पाटानं अळवाला आणि केळीला जायचं. वडीचं अळू वेगळं, फतफत्याचं वेगळं, हे तिला देठाच्या रंगावरून कळायचं. भोपळ्याची फुलं भज्यांसाठी खुडताना ती फक्त लांब देठाची नर फुलं घ्यायची आणि तीही सगळी नाही. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा धरलेला असे, त्याला हात लावायचा नाही. शिराळ्याच्या शिरांची चटणी व्हायची. आणि मांडवावरचं सगळ्यात देखणं पडवळ कापायचंच नाही, त्याला चिंधी बांधून ठेवायची. ते बियाण्याचं. आम्हा मुलांना याचा फार राग यायचा.

त्या चिंधीचं मोल मला उशिरा कळलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बी जपलं, वाटलं, त्याची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पिकवणारी आणि रांधणारी बाई एकच असते, तेव्हा बी निवडताना चव विसरली जात नाही. लांबच्या बाजारासाठी वाण निवडताना ते ट्रकमध्ये किती तग धरतं हे आधी पाहावं लागतं. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, पण चव मागं पडते ती तिथंच.

आता मीही गच्चीवर कुंड्यांत भाजी लावते. त्या कुंड्यांनी घर चालत नाही, हे खरं. धान्य, कांदे, बटाटे शेतकऱ्याकडूनच यायचे. मोरीत आता साबणाची पावडर वाहते, ते पाणी मी अळवाला घालणार नाही. आणि परसाचं काम पुन्हा एकट्या बाईच्याच अंगावर पडणार असेल, तर त्यापेक्षा मंडईचा वाटा बरा. आमच्याकडे पाणी घालणं आणि पालापाचोळा कुजवणं मुलाकडे आहे, चिरणं नवऱ्याकडे.

गेल्या वर्षी मी वाटा आणला नाही. गच्चीवर निघालं ते असं: सात भेंड्या, दोन शिराळी, मूठभर लाल माठ, चवळीच्या थोड्या शेंगा. अळू खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं, त्यांना आम्ही माठ दिला. सुरण नव्हतं, कणीसही नव्हतं. भाजी चौघांना एकेक वाटी झाली. मांडवावर एक शिराळं आणखी होतं, चांगलं हातभर. मुलानं ते कापायला कात्री उचलली, तेव्हा मी जुन्या ओढणीची चिंधी फाडून त्याच्या हातात दिली.