मुलांशी बोललेले ‘इन्शाअल्लाह’



अपत्यांच्या संगोपनावर लिहिण्यासाठी मी काही टाचणे काढून ठेवली होती. मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी ती बाजूला ठेवावी लागली. त्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. मुलांची अम्मी फज्रनंतरच्या पहिल्या एस.टी.ने माहेरी गेली आणि सहा वर्षांचा मुलगा व तीन वर्षांची मुलगी दिवसभर माझ्या हवाली झाली.

प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करीत असत, असे एकाने माननीय आयेशा (रजि.) यांना विचारले होते. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले. सहीह बुखारीतील ही हदीस मी खुतब्यात अनेकदा सांगितली आहे. सांगताना माझा सारा भर तिच्या उत्तरार्धावर असे. पूर्वार्ध त्या दिवशी दूध उतू गेल्यावर समजू लागला. मुलीच्या वेण्या घालताना भांग तीनदा चुकला. एकाला भात कोरडा हवा होता, तर दुसरीला त्यावर आमटी हवी होती आणि आमटी वाढल्यावर ती नको होती. घरात दिवसभर काय काम असते, असा प्रश्न ज्या बांधवांना पडतो त्यांनी एक दिवस असा काढून पाहावा. मलाही तो प्रश्न पडत असे, हे कबूल केले पाहिजे.

जुहरच्या वेळी दोघांना मशिदीत नेण्यावाचून इलाज नव्हता. मुलीला हातपाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून नेले. (अगदी लहान मुलांच्या पावित्र्याविषयी धर्मपंडितांनी घालून दिलेली दक्षता योग्यच आहे, ती पाळावी.) दुसऱ्या रकअतमध्ये मागून तिच्या रडण्याचा आवाज आला. प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे, की आपण नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने उभे राहतो, परंतु बाळाचे रडणे कानी आले की त्याच्या आईची घालमेल जाणून ती संक्षिप्त करतो. ही हदीस मला पाठ आहे. तरी त्या दिवशीपर्यंत मी ती केवळ फिकहचा मसला म्हणून वाचली होती. त्या आईच्या मनात काय होत असेल हे त्या चार रकअतींत उमगले. छोटी सूरह पढून मी नमाज आटोपती घेतली.

सलाम फेरल्यावर एक ज्येष्ठ नमाजी म्हणाले, “मौलाना, पोरांना मशिदीत आणू नका, असे तुम्हीच सांगितले होते.” त्यांचे म्हणणे खरे होते. रमजानमध्ये एका पित्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला मी सर्वांदेखत मागच्या सफमध्ये पाठविले होते. मुलगा गेला आणि पुढच्या जुम्यापासून त्याचे वडीलही दिसले नाहीत. ज्या प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली, त्यांच्या मिंबरवर मी उभा राहतो. त्या गृहस्थांच्या घरी मी नंतर गेलो. चहा त्यांनी दिला, पण अद्याप ते मोकळे झालेले नाहीत.

परंतु ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहीत आहे ती असरनंतरची आहे.

भाजी घेण्यासाठी आम्ही बाजारात गेलो. खेळण्यांच्या हातगाडीसमोर मुलगी हटून बसली. मी म्हणालो, “चल लवकर, पोलीसमामा येत आहेत.” ती निमूट उठली. काही पावले गेल्यावर मुलाने बंदराची आठवण काढली. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या पाहायला नेण्याचे मी त्याला एप्रिलमध्ये कबूल केले होते. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. आज गेलो नाही तर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातील, हे तो शाळेतल्या मित्राकडून ऐकून आला होता. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “जाऊ या, इन्शाअल्लाह.”

तो म्हणाला, “अब्बा, इन्शाअल्लाह म्हणू नका. खरंच न्या.”

भर बाजारात माझे पाय थांबले. सूरह कहफमध्ये अल्लाहने शिकविले आहे, की अमुक गोष्ट उद्या करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याविना म्हणू नये. दासाने आपले सारे प्रयत्न पणाला लावावेत आणि परिणाम मालकाच्या हाती सोपवावा, एवढा मोठा आशय त्या शब्दांत आहे. आपण मात्र त्यांचा उपयोग सभ्य नकारासाठी करतो. उसने पैसे मागणाऱ्याला, लग्नाचे आमंत्रण देणाऱ्याला आणि मुलांना तर दिवसातून दहादा. मोठी माणसे समजून घेतात. मूल शब्दाचा अर्थ कोशात शोधत नाही, ते तो अनुभवातून ठरविते. माझ्या मुलाने अल्लाहच्या नावाने सुरू होणाऱ्या वचनाचा अर्थ ‘नाही’ असा लावला होता, आणि हा धडा त्याने कोणा परक्याकडून घेतला नव्हता.

अबू दाऊदमध्ये अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांच्या बालपणीचा प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने त्यांना, ये, तुला काही देते, असे म्हणून हाक मारली. काय देणार होतीस, असे प्रेषितांनी विचारले. खजूर, असे ती म्हणाली. तिने काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. येथे फसवणूक कोणाची होती? एका लहान मुलाची, तीही एका खजुरापुरती. पोलीसमामा येत नव्हते, हे माझ्या मुलाला ठाऊक होते. बहिणीसमोर तो गप्प राहिला, एवढेच.

भाजीची पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवून आम्ही रिक्षाने बंदरावर गेलो. बऱ्याच होड्या आधीच वर ओढल्या होत्या. खलाशी जाळी गुंडाळीत होते, काही जण होड्यांवर प्लॅस्टिक ताणून दोऱ्या बांधीत होते. वास असह्य होता. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. मुलगा मोजत राहिला, एकसष्टनंतर त्याचा हिशेब चुकला आणि त्याने पहिल्यापासून मोजायला घेतले. मगरिबला उशीर होऊ नये म्हणून मला अर्ध्यावरच त्याला उठवावे लागले.

परतताना त्याने विचारले, “१ ऑगस्टला होड्या पुन्हा जातील. तेव्हा आणाल?”

एरवी मी लगेच उत्तर दिले असते. त्या दिवशी कोणता वार येतो, कोणाच्या निकाहचे किंवा जलशाचे आमंत्रण तर घेतलेले नाही ना, हे मी आधी आठवून पाहिले. मग म्हणालो, “इन्शाअल्लाह.”

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटून त्याने मला त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढायला लावला.