जुन्या गाडीतील नवे सामर्थ्य

पूर्वजांनी आपल्या हाती जे दिले त्याच्याशी एकनिष्ठ राहणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न पवित्र शास्त्राच्या भाषांतरकाराला रोजच पडतो. ते जसेच्या तसे जपावे, तर हळूहळू ते कपाटातील वस्तू होऊन बसते. ते आजच्या रस्त्यावर चालते करावे, तर एक दिवस ते पूर्वजांचे न राहता आपलेच झालेले असते. या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी मला अमेरिकेतील एका घराच्या गॅरेजात लाभली, हे वाचून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रभु येशूनेही राज्याची रहस्ये खमीर, जाळे आणि ठिगळ यांच्या आधारेच समजावून दिली, तेव्हा मोटारगाडीचे वावडे आपल्याला का असावे?

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त टेक्सस राज्यात काही आठवडे राहण्याचा योग आला. माझे यजमान सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांच्या गॅरेजात १९६८ सालचा शेवरोले सी-१० हा पिकअप उभा होता. तो त्यांच्या वडिलांचा. त्याच्या हौद्यातून गवताचे भारे आणि कुंपणाचे खांब वाहिले गेले होते. वडिलांच्या मृत्यूनंतर तो कित्येक वर्षे कोठारात धूळ खात पडला होता. यजमानांनी तो बाहेर काढला. परंतु त्यातील सहा सिलिंडरचे, सुमारे ४.१ लिटरचे मूळ इंजिन दुरुस्त न करता त्यांनी मोडीत निघालेल्या एका नव्या पिकअपचे ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आणले आणि त्यावर टर्बोचार्जर बसविण्याचे काम आरंभले.

टर्बोचार्जर ही कल्पना तशी जुनीच. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून जो तप्त वायू एरवी धुरासोबत वाया जातो, त्याच्या जोरावर एक लहानसे चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा अधिक म्हणजे इंधन अधिक जाळता येते आणि इंजिन तेवढेच असूनही बळ वाढते. हे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेते. आपल्या घाटांतून चढणाऱ्या आजच्या बहुतेक डिझेल मालट्रकांत हेच यंत्र असते. मूळ गाडीचे बळ कारखान्याच्या हिशेबाने १५५ अश्वशक्ती होते. यजमानांची नवी जुळणी त्याच्या तिपटीच्या आसपास जाणार होती.

एके संध्याकाळी त्यांच्या शेजाऱ्याने विचारले, “हे सगळे झाल्यावर ही तुझ्या वडिलांची गाडी राहील काय?” प्रश्न थट्टेतला होता, पण यजमान गप्प झाले. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलीत गेले, आणि ते तेच जहाज आहे की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. येथे तर फळीच्या जागी तशीच फळीही येत नव्हती. निराळेच हृदय बसविले जात होते. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या शौकिनांतही असे दोन तट आहेत. एक पक्ष मूळचा स्क्रूसुद्धा बदलू देत नाही. दुसरा बाह्यरूप राखून आतले सर्व बदलतो. मला तेव्हा पहिला पक्ष अधिक प्रामाणिक वाटला, हे मान्य केले पाहिजे.

त्या रात्री मी नव्या ठिगळाचा आणि नव्या द्राक्षारसाचा शास्त्रभाग पुन्हा काढून वाचला (मार्क २:२१-२२, मत्तय ९:१६-१७, लूक ५:३६-३९). आपण हा भाग बहुधा जुन्याच्या निषेधासाठी वापरतो. पण प्रभूच्या शब्दांत जुन्या वस्त्राविषयी आणि जुन्या बुधल्यांविषयी एक काळजीही आहे. वस्त्र फाटू नये, बुधला फुटू नये आणि रस सांडू नये, हे तिन्ही त्याला दिसते. मत्तयाच्या वृत्तांतात तर शेवटी दोन्ही टिकून राहण्याचा उल्लेख आहे. मूळ ग्रीकमध्ये रसासाठी ‘नेऑस’ व बुधल्यांसाठी ‘काइनॉस’ अशी दोन निराळी विशेषणे आहेत. मराठीत दोन्हीकडे ‘नवा’ हाच शब्द येतो. या दोन शब्दांतील भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातो असे नाही. पण येथे त्याकडे कान द्यावासा वाटतो. रस नवा म्हणजे नुकताच काढलेला, अजून आंबत असलेला, फुगणारा. बुधला नवा म्हणजे न वापरलेला, ताण सोसण्याजोगा. आत येणारे बळ आणि ते धरून ठेवणारे पात्र, दोहोंचा विचार एकाच वेळी झाला पाहिजे. प्रभू ज्याविषयी सावध करतो ते अर्धवट नवेपण होय.

दुसऱ्या दिवसापासून मी यजमानांचे काम निराळ्या नजरेने पाहू लागलो. इंजिन बसविण्यापूर्वीच त्यांनी चारही चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक घातले होते. जे तिप्पट बळाने निघणार ते थांबलेही पाहिजे. त्या काळच्या या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनामागे, केबिनमध्येच असे. ती त्यांनी काढून मागे हौद्याखाली नेली होती. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेने इंजिनात अकाली स्फोट होऊन पिस्टन वितळू शकतात; म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर पुढे बसविला होता. हवेचा दाब किती वाढू द्यायचा हेही त्यांनी ठरविले होते: वातावरणाच्या दाबावर अर्धा बार, अधिक नाही. इंजिन याहून अधिक सोसेल, असे मी ऐकले होते, म्हणून कारण विचारले. ते म्हणाले, “पहिल्यांदा मी दुप्पट ठरविला होता. मग माझ्या ध्यानात आले की तो जास्तीचा दाब गाडीसाठी नव्हता, शेजाऱ्यासाठी होता.”

परंतु त्यांचे सर्वांत अधिक दिवस गेले ते वायरिंगमध्ये. जुन्या गाडीत वायरी मोजक्याच होत्या. नव्या इंजिनाला मात्र संगणक लागतो, आणि त्या संगणकाला हवा, उष्णता, दाब, चाकाची गती यांची वर्दी देणारे अनेक सेन्सर. यजमान प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावीत, कागदावर नोंदवीत, मग ती आवरणात ओवीत. हे सर्व डॅशबोर्डाच्या मागे कायमचे झाकले जाणार होते.

येथे दोन गोष्टी मी शिकलो. पहिली अर्थिंगची. बॅटरीतून निघालेला प्रवाह गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीला जातो. आपल्याकडील मिस्त्री या जोडणीला नुसते ‘अर्थ’ म्हणतात. ती जोडताना रंग खरवडून उघडे लोखंड काढावे लागते. सुबक रंगावर बसविलेली जोडणी निकामी. अर्थ कच्चा राहिला की दोष भलतीकडेच दिसतो: वळणाचा दिवा लावावा आणि मागचा दिवा मंदावावा. सर्व दिवे, सर्व वायरी निर्दोष असूनही अर्थ लागत नाही! भाषांतरकाराला याहून बोलका शब्दश्लेष कोठे मिळावा?

दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून, आणि त्याची क्षमता वायरीच्या जाडीवरून ठरते. तो पुन्हा पुन्हा जाऊ लागला की माणूस वैतागून मोठा फ्यूज घालतो. आपल्या घरांतूनही चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारे कमी नव्हते. दिवा लागतो, आणि भिंतीच्या आत वायर तापत राहते.

हे ऐकताना माझ्या मनाला एक जुनी आठवण टोचली. एका स्तोत्राच्या सुधारित मसुद्यात मी एक जुना शब्द काढून आजचा, अधिक स्पष्ट शब्द घातला होता. तो मसुदा आम्ही एका खेड्यातील मंडळीत वाचून दाखविला. तेथील एका वृद्ध भगिनीस अक्षरओळख नव्हती, पण स्तोत्र मुखोद्गत होते. वाचन त्या शब्दापाशी आले आणि ती थबकली. म्हणाली, “दादा, शबूद बरा हाय, पन त्येच्यावर माजा पाय ठरत न्हाई.” मी स्मित केले आणि अहवालात लिहिले: ‘वाचकांस जुन्या शब्दाची सवय आहे.’ फ्यूज गेला होता. मी जाड तार घातली.

पुढे मुद्रणापूर्वीच्या तपासणीत हिब्रू मजकूर पुन्हा पाहिला तेव्हा उमगले की मूळ कवीने तोच शब्द दोन ओळींनंतर पुन्हा योजिला आहे आणि स्तोत्राचा सारा अर्थ त्या पुनरावृत्तीवर उभा आहे. जुन्या भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी एकच शब्द राखला होता. मी एकाच ठिकाणी बदलला होता. माझा शब्द नवा होता यात दोष नव्हता. मी त्याचा अर्थ जोडला नव्हता. आम्ही दुरुस्ती केली. ते सांगण्यासाठी त्या खेड्यात गेलो तेव्हा ती भगिनी प्रभुवासी झाली होती. जिला सवयीची म्हणून मी बाजूला सारले, तिनेच त्या दिवशी मूळ कवीचा आवाज ऐकला होता.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. ती गाडी वडिलांची राहिली काय? मला वाटते, याचे उत्तर किती भाग मूळचे उरले या गणनेत सापडणार नाही. ते तीन प्रश्नांत सापडेल. ही वस्तू मुळात कशासाठी होती, आणि आज त्यासाठी उपयोगी पडते काय? आत आणलेल्या सामर्थ्याचा भार सोसण्यास बाकीचे सर्व समर्थ केले आहे काय? आणि जे कोणाला दिसणार नाही तेही दिसणाऱ्या कामाइतक्याच निष्ठेने केले आहे काय? पंडिता रमाबाईंनी १९२२ मध्ये प्रभुवासी होण्यापूर्वी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्ण केले. साध्या स्त्रियांना कळावे अशी भाषा हवी, म्हणून त्या इतरांवर विसंबल्या नाहीत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. साधेपणाच्या मागे केवढे वायरिंग होते!

मात्र हेही नम्रपणे म्हटले पाहिजे की प्रत्येक जुनी वस्तू चालती करण्याचा अधिकार आपल्याला नाही. जेथे हे तीन प्रश्न सुटत नाहीत, तेथे ती वस्तू कोठारातच आदराने ठेवावी. कारण ब्रेकशिवायच्या सामर्थ्याची किंमत चालकच देतो असे नाही; रस्त्याने चालणारा देतो. मंडळीत नवी उपासनापद्धती, नवी गीते, नवी व्यवस्था आणणाऱ्यांनी, आणि ती अडविणाऱ्यांनीही, हे ध्यानी घ्यावे.

निवासमंडपाच्या वाहतुकीत मरारी वंशजांच्या वाट्याला फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा आणि तणावे आले (गणना ३:३६-३७). कोश आणि दीपवृक्ष इतरांकडे गेले. तरीही त्यांच्या ओझ्यातील एकेक वस्तू नाव घेऊन नेमून देण्याची आज्ञा झाली (गणना ४:३२), आणि गाड्या वाटताना चार गाड्या व आठ बैल त्यांनाच मिळाले (गणना ७:८). मेखेचेही नाव परमेश्वरापाशी नोंदलेले असते. माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी डॅशबोर्ड बंद केला. चिठ्ठ्या लावलेल्या सर्व वायरी दृष्टीआड झाल्या. त्यांनी किल्ली फिरविली, इंजिन सुरू झाले आणि ते प्रथम ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले.

आपल्या हाती आलेल्या जुन्या ठेव्यात आपण काय नवे घालीत आहोत, आणि त्याचा अर्थ कोठे जोडीत आहोत?